भीती किती असावी

मानसशास्त्राच्या तासाला विशिष्ट भयाचे, म्हणजे एखाद्याच गोष्टीच्या फोबियाचे, निकष फळ्यावर लिहून होत आले होते. तीव्र भीती, ती गोष्ट समोर येताच उसळणारी, तिच्यापासून लांब पळायला लावणारी. आणि मग चौथा निकष, जो मी दरवर्षी जरा ठळक अक्षरात लिहिते: प्रत्यक्ष धोक्याच्या आणि भोवतालच्या परिस्थितीच्या मानाने ही भीती प्रमाणाबाहेर असली पाहिजे. खडू खाली ठेवला तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती वहीतून मान वर काढत नाही. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरामागं लगेच ऊस आहे. गेल्या वर्षी दिवाळीत शेजारच्या गोठ्यातली कालवड बिबट्यानं नेली. तेव्हापासून दिवस मावळला की आई मागचं दार उघडत नाही. पत्र्यावर मांजर जरी उतरलं तरी तिला घाम फुटतो. निकषातले सहा महिनेही कधीच होऊन गेले. मग आईला फोबिया आहे का?" मी म्हटलं, नाही, धोका खरा आहे, तेव्हा आईची भीती प्रमाणातच आहे. मला वाटलं ती खाली बसेल. ती उभीच राहिली. "मग मी पुण्याला मावशीकडं जाते ना, ती चौथ्या मजल्यावर राहते. तिथं पण मला रात्रीची झोप लागत नाही. खाली कुत्री भुंकायला लागली की मी उठून बसते. तिथं तर बिबट्या येत नाही. मग माझी भीती कुठली म्हणायची?"

वर्गात कुणी हसलं नाही. एम.ए.चा वर्ग लहान असतो, बहुतेक जण आसपासच्या वस्त्यांवरून येणारे, आणि त्या प्रश्नात जवळजवळ प्रत्येकाचं घर होतं. तेवढ्यात तास संपला. शेवटचा तास असला की मुली रेंगाळत नाहीत. थंडीच्या दिवसांत साडेपाचला सावल्या लांबतात, आणि रस्त्यापासून वस्तीपर्यंतची वाट उसातून जाते. तिच्या गावच्या दोघी दारात थांबल्या होत्या. तिघींनी मिळूनच जायचं असा त्यांचा नियम आहे. पुढच्या आठवड्यात इथूनच सुरुवात करू, एवढंच मी तिला म्हणाले आणि स्टँडकडे निघाले.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. राजगुरुनगर गेलं, चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाडी अडकली, पुढे मोशी, भोसरी, नाशिक फाटा, आणि वाकडेवाडीला उतरेपर्यंत त्या मुलीचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं आणि ते मी दिलं होतं. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच्यावर संशोधन आहे, प्रयोग आहेत, मी ते शिकवते. तरीही ते सगळं त्या मुलीसमोर ठेवलं तर तिच्या हाती काय पडेल, हे मला त्या गाडीत बसून कळत नव्हतं. चाकणला कंपन्यांची पाळी सुटली होती. निळ्या शर्टातली पोरं दारात लटकत चढली, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलं, आणि मी पाटीवरच्या गावांची नावं वाचत बसले.

आठवड्यातले ठरलेले दिवस मी या तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवायला येते. उरलेले दिवस पुण्यात माझी समुपदेशनाची खोली असते. कॉलेजातली माझी नेमणूक तासिका तत्त्वावरची. ज्यांनी हे केलंय त्यांना यातलं सगळं माहीत आहे: जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत, मग नेमणुकीचं पत्र, सत्र संपलं की नेमणूकही संपते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच फाइल घेऊन त्याच बाकावर बसायचं. एम.ए.चे बरेच विभाग विनाअनुदानित, म्हणजे तासाचे पैसे संस्था देणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१९ साली अतिथी प्राध्यापकांना तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा आकडा ठरवून दिला. माझ्या ओळखीत तेवढे हातात पडलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. पण आज मला पैशांबद्दल लिहायचं नाही. तासिका तत्त्वाची एक गोष्ट मला पैशांहून जास्त जाणवते. तास मोजला जातो. तासाच्या आधीचं आणि नंतरचं काही मोजलं जात नाही. आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं अर्धं काम तर तिथेच असतं. जिन्यात, स्टँडच्या रस्त्यावर, प्रात्यक्षिकाची वही तपासताना मध्येच थांबलेल्या एखाद्या वाक्यात.

मुलांना वाटतं, मानसशास्त्र घेतलं की माणसं वाचता येतात. पहिल्या सत्रात ती वेगळ्या उत्साहात असतात. आरशात बघून तारा गिरवण्याचा प्रयोग, सारख्या लांबीच्या दोन रेषा लहानमोठ्या दाखवणारा म्युलर-लायरचा भ्रम, भूलभुलैया. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या त्या लाकडी, पॉलिश उडालेल्या पेट्यांना एक वास असतो, जुन्या वार्निशचा आणि डांबरगोळ्यांचा, आणि तो मला माझ्या स्वतःच्या एम.ए.त घेऊन जातो. दुसऱ्या सत्रापर्यंत उत्साहाची जागा प्रश्न घेतात. एम.ए. झाल्यावर नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येतं का? नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण, बहुतेक वेळा एम.फिल., आणि नोंदणी लागते. एम.फिल. तर बंद होतंय ना? हो, नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढलं आणि क्लिनिकलला मुदतवाढ देत देत नेलं. मग आम्ही करायचं काय? या प्रश्नापाशी मी खूप वेळ थांबते. देशाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या, दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. विकारानुसार ही दरी ७० ते ९२ टक्क्यांची. म्हणजे गरज आहे, माणसं शिकतायत, आणि मध्ये पूल नाही. वर्गात बसलेल्या मुलांना हे कळतं. त्यांच्या घरचे विचारतात, दोन वर्षांनी काय होणार. त्या मुलांच्या भीतीला मी कुठला निकष लावू?

पुढचा तास मी नेहमीसारखा वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून सुरू केला. १९२० सालचा तो प्रयोग सगळ्यांना पाठ असतो: अकरा महिन्यांचा अल्बर्ट, पांढरा उंदीर, आणि पोराच्या पाठीमागे लोखंडी दांडीवर मारलेला हातोडा. आवाजाला घाबरलेलं बाळ मग उंदराला घाबरायला लागतं. आणि तिथे न थांबता सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. परीक्षेत या प्रयोगावर नेमाने प्रश्न येतो आणि मुलं नेमाने लिहितात. पण ते बाळ घरी गेलं तेव्हा त्याची ती भीती कुणीही उतरवलेली नव्हती, याबद्दल वर्गात कधी कुणी विचारत नाही. मी दरवर्षी तिथे थोडी थांबते. मग सांगते ती मेरी कव्हर जोन्सची गोष्ट. १९२४ साली तिने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पीटर आवडीचं खात बसलेला. रोज पिंजरा थोडा जवळ. शेवटी ससा मोकळा, पोराच्या हाताशी. भीती शिकवणाऱ्या माणसाचं नाव पाठ्यपुस्तकात मोठ्या टायपात असतं आणि ती उतरवणाऱ्या बाईचं पुष्कळदा तळटीपेत. आज आपण टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याच्या ज्या पद्धती वापरतो, त्यांचा उगम तिच्यापाशी आहे, आणि माझ्या वर्गात तिला पूर्ण तास मिळतो.

पिंजरा हा शब्द उच्चारला आणि वर्गातून कुजबुज झाली. या भागात पिंजरा म्हटलं की एकच डोळ्यांसमोर येतो: वनखात्याचा, उसाच्या बांधाला लावलेला, आत कोंबडी किंवा शेळी. कुकडीची धरणं झाली, पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, आणि उसाबरोबर बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत आता अशी कितीतरी बिबटी आहेत की त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. उसात जन्मली, उसातच वाढली. तोडणी सुरू झाली की बछडी सापडतात. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पिंजरा लावला की चार दिवस माणसं निवांत झोपतात. बिबट्या सापडला की अजून आठ दिवस. मग दुसरा येतो." मला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांचं या भागातलं काम आठवलं. सन २००० च्या आसपास इथली बिबटी पकडून लांब नेऊन सोडत होते. त्यांनी दाखवून दिलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. हे मी वर्गाला सांगितलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्याच मुलाने शांतपणे विचारलं, "मग आमच्या इथं तो ससा जवळ आणायचा कसा?"

या प्रश्नाला कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही.

पीटरच्या खोलीतला ससा चावणार नव्हता. टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याच्या आमच्या पद्धती त्या एका गृहीतावर उभ्या आहेत: भीतीची वस्तू मुळात निरुपद्रवी आहे, आणि माणसाला तेवढं फक्त अनुभवातून पटवायचं आहे. पुण्यातल्या माझ्या खोलीत हे गृहीत बहुतेक वेळा खरं ठरतं. लिफ्टला घाबरणारा माणूस, पालीला घाबरणारी बाई, उड्डाणपुलावर गाडी चालवू न शकणारा तरुण. त्यांच्याबरोबर पायरी-पायरीने जाता येतं आणि बरेचदा ती माणसं मोकळी होतात. तो आनंद मी पाहिलाय, त्याला तोड नाही. पण आंबेगावच्या एखाद्या वस्तीवर रात्री अकराला लाईट येते, मोटार सुरू होते, आणि दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, गेलेला माणूस बॅटरी तोंडात धरून वाकून माती ओढत असतो. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून धोका तेव्हाच जास्त. त्या माणसाच्या बायकोला मी श्वासाचा व्यायाम शिकवू? शिकवेनही, कारण तिला रात्रभर जागायचं आहे आणि छाती धडधडते. पण तिच्या भीतीचा इलाज तिच्या छातीत नाही. तो दिवसाच्या लाईटमध्ये आहे. रात्रीऐवजी दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची किती तरी वर्षांची मागणी आहे. शेतीला दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, कुठे पोचली, कुठे नाही. मी वर्गाला सांगितलं की माझ्या मते ही मानसिक आरोग्याची मागणी आहे, आणि ती तुमच्या उत्तरपत्रिकेत आली तर मी तिला गुण देईन.

हे मी फार ठामपणे म्हणते, कारण शहाणी माणसं दुसऱ्याच्या भीतीला किती पटकन आजार म्हणतात ते मी जवळून पाहिलेलं आहे. त्यासाठी उसापर्यंत जायची गरज नाही. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत गेलं तरी पुरे.

स्टाफरूमच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, तासिकावाल्यांचं टेबल आहे. कुणी तसं ठरवून दिलेलं नाही, पण कायम प्राध्यापकांच्या खुर्च्या ठरलेल्या, मग उरतं ते टेबल. तिथे मराठीचे एक सर बसतात. सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेले, पीएच.डी. झालेले, वर्गात मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. गेल्या वर्षी परीक्षेच्या सुमाराला एकदा डबा खाताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं झोपेसाठी काही असतं का हो? गोळी नको. एखादा व्यायाम वगैरे." मी विचारलं कधीपासून. म्हणाले, मार्चपासून. मग स्वतःच म्हणाले, दरवर्षी मार्चपासून. एप्रिलनंतर तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत, मेमध्ये गावाकडच्या लग्नांत लोक विचारणार, झालं का परमनंट, जूनमध्ये वाट पाहायची, जुलैत मुलाखत. मुलीच्या शाळेची फी जूनमध्येच असते. घरी त्यांना सांगतात, तुम्ही फार विचार करता. डॉक्टरने सांगितलं, टेन्शन घेऊ नका. मी त्यांना व्यायाम दिला, झोपेच्या आधी काय करायचं, काय टाळायचं ते लिहूनही दिलं. पण त्याआधी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती. तुम्हाला झालेलं काही नाही; तुमच्यापुढं एक खरी अडचण आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे अजून कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांची गोष्ट मला कळते, म्हणजे अंगाने कळते. मला पुण्यातल्या खोलीचा आधार आहे. कॉलेजचं पत्र आलं नाही तर माझी चूल बंद पडणार नाही. तरीही जुलै लागला की फोन वाजला रे वाजला की माझा हात आधी जातो. पैशांसाठी नाही. ज्या मुलांचा प्रकल्प अर्ध्यावर आहे, जिने पहिल्यांदाच वर्गात तोंड उघडलंय, त्यांना पुढच्या वर्षी मी असेन की नाही हे मला सांगता येत नाही, म्हणून. समुपदेशनात आम्ही काम थांबवण्याच्या कितीतरी आधीपासून समोरच्याला त्याची तयारी करून देतो. अचानक निघून जायचं नाही, हा आमच्या कामातला फार जुना आणि फार महत्त्वाचा नियम. इथे तो पाळणं माझ्या हातात नसतं. मुलं विचारतात, "मॅडम, पुढच्या सेमला रिसर्च तुम्हीच घेणार ना?" आणि मी म्हणते, नेमणूक झाली तर हो. असं खरं उत्तर देताना जे वाटतं त्यात लाज नाही, राग आहे थोडा, आणि मुलांबद्दलची माया आहे. हे दोन्ही एकदमच येतं.

आणि मग दुसरी एक गोष्ट आहे, जी मला त्या एसटीत आठवायला हवी होती ती दोन दिवसांनी आठवली.

माझी एक मैत्रीण आहे, आम्ही बरोबर एम.ए. केलं. तिने माझ्याहून खूप जास्त वर्षं तासिकांवर काढली, तीन तीन कॉलेजं, सकाळी एक, दुपारी दुसरं, मधल्या वेळात रिक्षात बसून डबा. आता ती एका अनुदानित कॉलेजात कायम आहे. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येतो, दिवाळीची सुट्टी सुट्टीसारखी घेता येते. पण तिच्या पर्समध्ये अजून ती फाइल असते. सगळ्या गुणपत्रिका, सेटचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, प्रत्येकाच्या सत्यप्रती, प्लॅस्टिकच्या पाकिटात. जून आला की ती एकदा सगळं काढून क्रमाने लावते. प्राचार्यांनी बोलावलं की तिच्या पोटात गोळा येतो. एकदा मी तिला विचारलं, आता कशाची भीती? ती म्हणाली, "कशाचीच नाही गं. पण शरीराला कुणी सांगितलंच नाही की मी परमनंट झाले." हे वाक्य मला तेव्हा नुसतंच आवडलं होतं. त्या मुलीच्या प्रश्नानंतर ते मला नीट ऐकू आलं. पत्र मिळालं तरी मैत्रिणीचं शरीर जूनच्याच पाळीवर होतं, आणि मावशीच्या चौथ्या मजल्यावर ती मुलगी उसाच्या बांधाशी जागी होती.

यावर प्रयोगशाळेत जे सापडलं आहे ते मी पुढच्या तासाला वर्गाला सांगितलं. पाव्हलॉव्हच्या काळापासून माहीत आहे की मावळलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे भीती पुसली जात नाही. मार्क बूटन या संशोधकाने अनेक वर्षं यावर काम केलं आणि त्यातून जे पुढे आलं ते मला या विषयातलं सगळ्यात दुखरं आणि सगळ्यात कामाचं ज्ञान वाटतं: भीती एका जागी शिकली तर ती दुसऱ्या जागी सहज बरोबर येते, पण 'इथे आता भीती नाही' हे शिकणं मात्र ज्या जागी झालं त्या जागेलाच चिकटून राहतं. जागा बदलली की जुनी भीती परत उभी. निसर्गाच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच आहे. धोका विसरणारं जनावर एकदाच चुकतं. त्यामुळे मावशीच्या घरी कुत्री भुंकल्यावर जाग येणं म्हणजे मनाची यंत्रणा बिघडणं नव्हे. ती यंत्रणा जिथे घडली तिथे ती अगदी अचूक होती, आणि तिला अजून दुसऱ्या जागेचा पुरेसा अनुभव मिळालेला नाही. तो मिळू शकतो. त्याला वेळ लागतो, आणि बरोबर कुणीतरी असावं लागतं, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला रोज पुन्हा उसात परतावं लागत असेल तर ते फार अवघड होतं.

ती मुलगी लिहून घेत होती. मग तिने हात वर केला. "म्हणजे मॅडम, माझी भीती घालवायची का ठेवायची?" मी म्हटलं, तुला काय वाटतं. तिने खूप वेळ विचार केला. वर्ग थांबला. म्हणाली, "घरी लागते मला. पुण्यात नको." मागून एकजण म्हणाला, अगं असं बटण थोडंच असतं. ती म्हणाली, "नसतं. पण मला काय पाहिजे ते तर कळलं." समुपदेशनाच्या खोलीत माणसं या वाक्यापर्यंत यायला कधीकधी महिने घेतात. ती मुलगी इथे तिसऱ्या बाकावर, सगळ्यांसमोर, पंख्याच्या घरघरीत तिथवर आली होती. मी याहून पुढे गेले नाही. वर्ग म्हणजे समुपदेशनाची खोली नव्हे, हे मी पक्कं मानते. समोर बसलेले तिचे वर्गमित्र आहेत, त्यांना तिचं गुपित सांभाळायची जबाबदारी कुणी दिलेली नाही, आणि उद्या तिला त्यांच्याबरोबरच कॅन्टीनमध्ये बसायचं आहे. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक वर्षभर लिहून ठेवते, तो पुसायचा नाही असं शिपाईमामांनाही सांगून ठेवलंय. पण सीमा पाळणं आणि प्रश्न टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक मला पुस्तकापेक्षा या मुलांनी जास्त शिकवला.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन मुलं आणि ती, असे तिघं माझ्याकडे आले. त्यांना प्रकल्पासाठी हाच विषय हवा होता: बिबट्याच्या भागातल्या वस्त्यांवर भीती आणि झोप. मार्गदर्शक म्हणून कागदावर बी.ए.च्या कायम मॅडमचं नाव घालायचं ठरलं, म्हणजे माझी नेमणूक झाली नाही तरी मुलांचं अडणार नाही. त्या मॅडमनी एका शब्दात होकार दिला. चाचणी कुठली वापरायची यावर बोलताना मुलांनी स्वतःहून चिंता मोजणारी जीएडी-७ काढली. सातच प्रश्नांची, जगभर वापरली जाणारी, २००६ पासूनची. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला ते विचारायचं, शून्य ते तीन गुण, बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर पुढे नीट तपासायचं. आम्ही चौघं प्रयोगशाळेच्या टेबलाभोवती बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होतो. सातवा प्रश्न आला: काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटणे. मुलगा म्हणाला, "यात आमच्या वस्तीवरचा प्रत्येक जण तीन टाकणार. मग सगळ्यांची चिंता वाढलेलीच दिसेल." दुसऱ्याचं म्हणणं पडलं, मग हा प्रश्न काढून टाकू. मी म्हटलं, प्रमाणित चाचणीतला प्रश्न असा काढता येत नाही, आणि काढला तर जे सगळ्यात खरं आहे तेच आपण काढलेलं असेल.

त्यावर बराच वाद झाला. मला तो वाद फार आवडला. ज्या वयात मी चाचण्यांच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवत होते, त्या वयात ही मुलं विचारत होती की हा आकडा कुठे जन्मला आणि इथे तो काय मोजतो आहे. आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. १९३४ साली व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती परक्या भाषेतले प्रश्न जसेच्या तसे चालत नाहीत हे ओळखूनच. शेवटी ठरलं ते असं: सातही प्रश्न आहेत तसे विचारायचे, गुण आहेत तसे मांडायचे, पण त्याआधी वस्तीची एक वेगळी पानभर माहिती घ्यायची. घरापासून ऊस किती पावलांवर. संडास घरात की बाहेर. गेल्या वर्षभरात जनावर गेलं का, कुणाचं. मुलं शाळेत कशी जातात, एकटी की घोळक्याने. आणि मग आकडे त्या पानाशेजारी ठेवूनच वाचायचे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने त्या पानावर सगळ्यात वर एक ओळ घालायला सांगितली: रात्रीची लाईट आठवड्यातून किती दिवस. मी म्हटलं, नाव-वय-शिक्षण हे आधी येतं. ती म्हणाली, नाव-वय नंतर विचारलं तरी चालेल, हे आधी विचारलं की माणसं बोलायला लागतात.

तिची ओळ वरच ठेवली. वस्त्यांवर जायचं पहिलं वेळापत्रक मुलांनी काल मला पाठवलं. त्यांनी ते कॉलेजच्या तासांवर बेतलेलं नाही. लाईटच्या पाळीवर बेतलंय. पुढच्या आठवड्यात त्या वस्त्यांच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, दिवसपाळी आहे, माणसं उजेडी रानात असतात आणि बांधावर बसून बोलायला त्यांना सवड होते, म्हणून सोमवार ते बुधवार. मराठीच्या सरांनी प्रश्नावलीची भाषा एकदा बघून द्यायचं कबूल केलं आहे.